चाळीसचा डबा

फुगीला कुणी काहीही खायला दिलं की तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "यात किती?" किती म्हणजे किती कॅलरी. केळं दिलं तरी किती, पावाचा तुकडा दिला तरी किती. अहो, खोकल्याचं औषध चमच्यात ओतून पुढे धरलं तरी चमचा ओठांपाशी थांबायचा आणि बाईसाहेब विचारायच्या, किती? आईचं डोकं उठायचं. "विष नाही घातलं मी त्यात, गीळ मुकाट्याने," असं ती म्हणायची. पण आईच्या शब्दाला तिथे कोण विचारतं! फुगी बघायची थोरल्या बहिणीकडे. थोरलीने आकडा सांगितला की मगच घास आत जायचा.

थोरलीचा शब्द म्हणजे फुगीला काळ्या दगडावरची रेघ. त्याला कारणही होतं. थोरली डबाबंद कॉकटेलच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. डब्यात किती साखर, किती दारू, किती कॅलरी हे मोजायचं आणि तो आकडा छपाईला पाठवायचा, हे तिचं रोजचं काम. लोक ज्या आकड्याकडे बघून डबा उचलायचे किंवा परत ठेवायचे, तो आकडा आपल्या बहिणीच्या हातून जातो, याचा फुगीला कोण अभिमान! दुकानात असा डबा उचलणाऱ्या गिऱ्हाइकांना सांगायची, "माझ्या ताईने मोजलंय ते. डोळे मिटून घ्या."

फुगी हे नाव आईने ठेवलेलं. लहानपणी गाल गुबगुबीत होते म्हणून, लाडाने. कसलं लाडाने! ते नाव आधी जिन्यात गेलं, मग गल्लीत गेलं, मग शाळेत गेलं, आणि पोरगी पस्तिशीची झाली तरी तिच्या पाठीमागून हिंडत राहिलं. ती काम करायची कपड्यांच्या मोठ्या दुकानात, मागच्या खोलीत. गिऱ्हाइकाला ढगळ झालेलं आत घ्यायचं, घट्ट झालेलं उसवून सोडायचं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. दिवसभर लोकांच्या कमरा मोजायच्या आणि घरी आल्यावर न्हाणीघराची कडी लावून स्वतःची. कडी लावली म्हणून घरात कळत नाही थोडंच! टेपच्या टोकाची पितळी पट्टी फरशीवर टकटक वाजायची आणि बाहेर आई कपाळाला हात लावायची.

तर एकदा कारखान्याने नवं कॉकटेल काढलं. हलकं. साखर अगदी थोडी, लिंबाचा रस, आल्याचा अर्क, व्होडका आणि सोडा. बाजारात आणायच्या आधी त्याची चव काही केल्या जमेना. कधी कडू लागायचं, कधी नुसतंच ओलं. महिन्यामागून महिने गेले आणि चाचणीचे डबे भरले जात राहिले, कोरे, चकचकीत चंदेरी, ज्यांच्यावर एक अक्षर छापलेलं नाही असे. असे डबे विकता येत नाहीत. कामगारांना सांगितलं, घरी न्या. दिवसभर तोच वास नाकात बसल्यावर फुकट असला तरी कोण नेतोय? थोरलीने नेले. आपल्या धाकटीला गोड कॉकटेलची आवड, शनिवार-रविवारी दोन घोट घेते आणि नंतर आठवडाभर रडते, हे तिला माहीत होतं. म्हटलं, हे तरी बिचारीला सुखाने पिता येईल.

फुगीने डबा हातात घेतला, उलटासुलटा केला. आकडा नाही! "ताई, यात किती?"

"चाळीस," थोरली म्हणाली.

"चाळीस? अख्ख्या डब्यात?"

"अख्ख्या डब्यात."

फुगीने थोरलीचा गालगुच्चा घेतला. इतकी खुश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

आणि इथेच माती खाल्ली. थोरलीच्या लॅबमध्ये सॅम्पल आलं की आधी हलवून हलवून त्यातला गॅस काढतात, मग तापवून त्यातली दारू उडवून लावतात. दारू असेल तर साखरेचं माप नीट लागत नाही, म्हणून. उरलेल्या पाण्यात जे सापडेल ते एका बाजूला, उडालेल्या दारूचं दुसऱ्या बाजूला, आणि छपाईला पाठवताना दोन्हींची बेरीज. चाचणीच्या डब्यांना छपाईच नव्हती, तेव्हा बेरीज कुणी मागितलीच नव्हती. थोरलीच्या डोक्यात बसला होता तो उकळलेल्या पाण्याचा आकडा. तोच तिने सांगून टाकला. अशी चूक करायलासुद्धा लॅबमध्ये जन्म घालवावा लागतो. रस्त्यावरचा कुणीही सांगेल की दारूच्या डब्यात दारू असते.

त्या चाळीसवर फुगीने आपला दिवस बसवला. सकाळी न्याहारीऐवजी एक डबा. दुपारी डब्याच्या ऐवजी, म्हणजे जेवणाच्या डब्याच्या ऐवजी, आणखी एक. मग एकाचे दोन झाले. कोऱ्या डब्यावर काही लिहिलेलं नसल्यामुळे दुकानात कुणाला वाटायचं सोडा पितेय. संध्याकाळी घरी येऊन मात्र ती जेवायची. एक उकडलेलं अंडं, एक पाव, वाटीभर सूप. त्यात खंड नव्हता. बसून, चावून चावून, शेवटचा कण बोटाने टिपून खायची. थोरलीला ते बघून बरं वाटायचं. जेवते आहे ना पोरगी, मग झालं.

आणि बारीक तर अशी झाली की बघत राहावं! जिन्यात बायका थांबवून विचारायच्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग. दुकानाच्या मालकिणीने तिला पुढच्या काउंटरवर आणून बसवलं. आई, जिने जन्मभर तिच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं, ती एक दिवस म्हणाली, "आता कशी दिसतेस! आधीच केलं असतंस तर केव्हाच कुणी पसंत केलं असतं." फुगी त्या वाक्यावर दोन दिवस तरंगत होती. करड्या रंगाचा एक स्कर्ट तिने पुन्हा पुन्हा आत घेतला. कापड कापत मात्र नव्हती. आत दुमडून ठेवायची. "न जाणो परत फुगले तर," असं म्हणायची आणि हसायची. त्या स्कर्टची शिवण आतून गादीच्या काठासारखी जाड झाली होती.

थोरलीही म्हणालीच की, "छान दिसतेस हो." न म्हणायला काय झालं? तिच्याच हातचं यश ते. दर आठवड्याला ती डब्यांचे खोके घरी आणत राहिली आणि फुगीच्या पलंगाखाली सरकवत राहिली. घरात दारू हा शब्द कुणी उच्चारला नाही. आई त्याला "ते लिंबाचं" म्हणायची.

मग हळूहळू थोरलीच्या नजरेला एकेक गोष्ट यायला लागली. फुगीच्या ओठांचे कोपरे फुटलेले असायचे. उशीवर केसांचा पुंजका. सकाळी सुईत दोरा ओवताना हात असा लटपटायचा की बघवत नव्हतं, आणि एक डबा पोटात गेला की हात कसा स्थिर! एकदा दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून काठ टाचता टाचता ती तशीच कलंडली, ओठांत टाचण्या असताना. मालकिणीने फोन केला. घरी आणल्यावर थोरलीने विचारलं, "दिवसाला किती डबे पितेस गं?" फुगी म्हणाली, "बसतात तेवढे." बसतात म्हणजे तिच्या हिशेबात बसतात. पलंगाखालचे खोके बघितले तेव्हा थोरलीला घाम फुटला. सगळे रिकामे. आठवडा अर्धाही झाला नव्हता.

"कमी कर," ती म्हणाली.

"का? चाळीस तर आहेत."

डोकं फोडून घेतलं तरी फुगीला दारू दिसत नव्हती, आकडा दिसत होता.

त्याच सुमाराला कारखान्यात चव एकदाची जमली. डब्याची छपाई करायची ठरलं, आणि छपाईसाठी थोरलीने पहिल्यांदा बेरीज मांडली. एकशेतीस! तिने पुन्हा मांडली. पुन्हा एकशेतीस. खुर्चीवर बसली ती, आणि समोरच्या काचेच्या भांड्यातल्या उकळलेल्या पाण्याकडे बघत राहिली. चाळीस तिथे होते, त्या भांड्यात. बाकीचे नव्वद तिने स्वतःच्या हाताने वाफेबरोबर उडवले होते आणि बहिणीला सांगायला विसरली होती.

आधी तिची पाचावर धारण बसली. आणि मग, काय सांगावं माणसाच्या मनाचं, तिला आनंद झाला. खराखुरा आनंद. कारण आता तिच्या हातात काहीतरी आलं होतं. फुगीला आईचे शाप ऐकू येत नव्हते, थोरलीच्या विनवण्या ऐकू येत नव्हत्या, पण आकडा ऐकू यायचा. एकशेतीस म्हटल्यावर ती डब्याला शिवणार नाही! थोरली त्या दिवशी घरी निघाली ती जवळजवळ पळतच. वाटेत फुगीला आवडतात म्हणून पिवळीधमक केळी घेतली. उद्यापासून पोरगी नीट जेवेल, या आशेवर.

फुगी टेबलाशी बसली होती. समोर अंडं, पाव, सूप. नुकताच मीठ-मिरपूड घालून पहिला घास उचलला होता.

"फुगे, ऐक," थोरली दारातूनच म्हणाली. चपला काढायचंही भान नव्हतं. "माझी चूक झाली. डब्यात चाळीस नाहीयेत."

फुगीचा हात थांबला. "किती?"

"एकशेतीस. मी तुला दारू उडवून मोजलेला आकडा सांगितला. उकळल्यानंतरचा. दारूचे धरलेच नाहीत."

थोरलीने वाट बघितली. तिला वाटलं आता ही रडेल, चिडेल, डबे खिडकीतून फेकेल. फेक बाई, खुशाल फेक! पण फुगी नुसती बसून होती. ओठ हलत होते. बेरीज करत होती ती. सकाळचे, दुपारचे, दुकानाच्या मागच्या खोलीतले, बसथांब्यावरचे. बेरीज संपली आणि तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग ताट दोन्ही हातांनी पुढे सरकवलं, अगदी हळू, सूप सांडणार नाही असं.

"मग हे बसत नाही," ती म्हणाली.

थोरलीला क्षणभर कळेचना. "अगं काय बसत नाही? डबा सोड म्हणतेय मी! जेवण नव्हे!"

"डबा कसा सोडू?"

"कसा म्हणजे? नाही प्यायचा!"

"हात थरथरतात गं ताई. सुई धरता येत नाही. रात्री पलंगाला धरून पडून राहावं लागतं." एवढं ती इतक्या सरळ बोलली की जसं काही घरात सगळ्यांना हे माहीतच होतं. "अंडं सोडता येतं. अंड्याशिवाय हात नाही थरथरत." मग म्हणाली, "चाळीस होते म्हणून तर अंडं बसत होतं."

आई आतून ओरडली, "काय चाललंय? गार होतंय ते." थोरलीने हातातली केळी टेबलावर ठेवली. आपण काय केलं ते तिला त्याच वेळी कळलं, आणि ते परत घेता येणार नाही हेही. त्या आकड्याने डबा सुटणार नव्हता. त्याने त्या ताटातलं उरलंसुरलं तेवढं काढून घेतलं.

नंतर तिने जिवाचा आटापिटा केला. दुसऱ्याच दिवशी येऊन म्हणाली, "परत मोजलं गं, चाळीसच आहेत." फुगी हसली. "राहू दे ताई." पलंगाखालचे खोके थोरलीने काढून नेले, तर फुगी बाजारातले डबे आणायला लागली, छापलेले, थोरलीच्याच हातून गेलेला एकशेतीसचा आकडा कपाळावर मिरवणारे. थोरलीने तिच्या पुढ्यात ताट ठेवलं, हात जोडले, एकदा तर सणसणीत मुस्कटात मारली आणि मग तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. आई म्हणायची, "दोन दिवस नाही खाल्लं तर काय मरत नाही कुणी. भूक लागली की खाईल झक मारत." भूक! भूक फुगीने केव्हाच उसवून टाकली होती. तिला दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, तिथे आधी वजन करतात.

शेवटी तिला नेलं ते उचलूनच. डोळे पिवळे झाले होते.

डॉक्टरीणबाई पोट दाबून बघत होत्या. "दारू किती घेतात या?"

"आमच्या घरात कुणी दारू घेत नाही," आई फणकारली. "ते लिंबाचं काय पिते तेवढंच."

डॉक्टरीणबाईंनी थोरलीकडे बघितलं. थोरलीने सगळं सांगितलं. बाईंनी तिला बाहेर नेलं आणि म्हणाल्या, लिव्हरने हात टेकलेत. त्यात पोटात अन्नाचा कण नाही. थोडं थोडं तोंडाने गेलं, अंगी लागलं, तर काही आशा. नाही गेलं तर आमच्याही हातात फारसं नाही. तुमचं ऐकते ना ती?

ऐकायची, असं थोरलीच्या तोंडाशी आलं होतं. ती म्हणाली, "बघते."

फुगीच्या दंडात सलाईन लावलं होतं. तिने बाटलीकडे बोट केलं. "ताई, यात किती?"

"काही नाही. नुसतं पाणी आहे."

फुगीने मान तिरकी करून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. ग्लुकोज. दुपारी नर्सने बघितलं तर सुई उपसलेली आणि चादर ओली. मग तिचा हात पट्टीने खाटेला बांधला.

सूप आलं. थोरलीने चमचा भरला, फुंकर मारली, आणि तिने विचारायच्या आतच सांगून टाकलं, "एक चमचा, पाच. फक्त पाच गं."

फुगीने डोळे उघडले. त्या पिवळ्या डोळ्यांत जुना मिश्कीलपणा थोडासा दिसला. "उकळून मोजलंस का?" ती म्हणाली, आणि ओठ घट्ट मिटले.

तो चमचा थोरलीने किती तरी वेळ तसाच धरून ठेवला होता.

मग पोट फुगायला लागलं. हातापायांच्या काड्या आणि पोट असं की चादर वर उचललेली. पाणी साठतंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिव्हर असं झालं की साठतंच. फुगीने पांघरुणाखाली हात घालून ते चाचपलं आणि तिला रडू फुटलं. हॉस्पिटलात आल्यापासून पहिल्यांदाच. "बघ, फुगले ना! बांधून ठेवून घातलंत ना माझ्या अंगात!"

"अगं ते पाणी आहे. आजार आहे तो."

"पाणी, पाणी. तुझं सगळं पाणीच असतं." ती मुसमुसत म्हणाली, "टेप आण."

टेप तिच्या पर्समध्येच होती. नको आणू, असं आईसुद्धा म्हणाली. पण थोरलीने आणली. तिला वाटलं, एकदा ऐकू दे हिला हवा तो आकडा. ऐकला की कदाचित एक चमचा जाईल. एका चमच्यासाठी ती काहीही बोलायला तयार होती. तिने टेप पाठीखालून घेतली, पोटावर आणली, टोकं जुळवली, आणि फुगीचा करडा स्कर्ट शेवटचा जेवढा आत घेतला होता तेवढा आकडा मोठ्याने सांगितला.

"बघ! तेवढीच आहेस. मग? आता घेतेस ना चमचाभर?"

फुगीचा एक हात मोकळा होता. तो टेपवर आला. जिने जन्मभर टेप धरली त्या बोटांना आकडा डोळ्यांनी बघावा लागत नाही. बोटं पितळी पट्टीपासून निघाली आणि सरकत सरकत थोरलीच्या अंगठ्यापाशी येऊन थांबली. फुगीने थोरलीच्या हातातून टेप काढून घेतली, नेहमीच्या सवयीने बोटांवर गुंडाळली आणि उशाशी ठेवली.

"आता तू नको मोजत जाऊस, ताई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरलीला आधार वाटला असता.

त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. ग्लानीत असायची, मधूनच डोळे उघडायची. थोरली खाटेला चिकटून बसली होती. सूप गार झालं की दुसरं मागवायची, ते गार झालं की तिसरं. आधी ती आकडे सांगत होती. पाच. तीन. शेवटी म्हणाली, "काहीच नाही गं यात, शून्य." मग तेही संपलं.

"फुगे, विचार ना," ती तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "किती ते विचार ना गं. एकदा विचार. खरं सांगेन."

फुगीने डोळे उघडून चमच्याकडे बघितलं. मग थोरलीकडे बघितलं. तिने विचारलं नाही.

दुपारची वेळ होती. नर्स आली, तिने नाडी बघितली, फुगीच्या हाताची पट्टी सोडली, सलाईन काढलं आणि थोरलीच्या हातातला चमचा काढून घेऊन सुपाच्या वाटीत ठेवला.